दहा सप्टेंबरला संपलेलं वर्ष

मूर्ख माणसं मी रग्गड पाहिली. गावात पाहिली, शहरात पाहिली, आरशातही एकदोनदा पाहिली. पण बहुतेकांचा मूर्खपणा ओबडधोबड असतो. रस्त्यातल्या धोंड्यासारखा, ठेच लागली की कळतो. इस्त्री केलेला, घडी घातलेला, आवक-जावक क्रमांक टाकलेला मूर्खपणा मी एकाच माणसाचा पाहिला, आणि तो म्हणजे आमचा हेडक्लार्क. त्याची गोष्ट काढली की सून म्हणते, "मामंजी, तुमचा चेहरा बघा कसा फुललाय." फुलेल नाही तर काय. अशी माणसं रोज मिळत नाहीत.

मी एकतीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात पंप चालवले. शिक्षण गावच्या शाळेत सातवी. आमचं काम म्हणजे नदीचं गढूळ पाणी हौदात घ्यायचं, तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि पंपाने शहराकडे ढकलायचं. चौसष्ट माणसं होतो. त्रेसष्ट माणसं पाण्यासाठी राबायची आणि चौसष्टावा आमच्यासाठी तक्ते आखायचा.

त्याला आम्ही आडवे साहेब म्हणायचो. हे त्याचं आडनाव नव्हे, त्याचा धर्म. जगातली प्रत्येक गोष्ट डावीकडून उजवीकडे गेली पाहिजे, असं त्याचं मत. कागद आडवा, तक्ता आडवा, फाईलवरची नावं आडवी. एकदा त्याची बायको कार्यालयात डबा द्यायला आली होती, ती माझ्या देखत म्हणाली, "यांना वाणसामानाची यादीसुद्धा एका ओळीत लागते. खाली लिहिलं की म्हणतात घसरगुंडी झाली. दुकानदार कागद फिरवून फिरवून वाचतो बिचारा." तो तिथेच उभा होता. रागावला नाही. उलट त्याला ती स्तुती वाटली.

दिसायला म्हणाल तर उंच, किडकिडीत, मान लांब. खिशाला तीन पेनं. निळं सहीसाठी, लाल दुसऱ्यांच्या चुकांसाठी, आणि हिरवं कान कोरायला. हिरव्या पेनाने त्याने एक अक्षर लिहिलेलं मी पाहिलं नाही. चालताना दोन्ही हात पाठीमागे, जणू केंद्र त्याच्या आजोबांनी बांधलं. आणि तोंडात एकच शब्द, शिस्त. पंपाचं बेअरिंग जळालं तरी शिस्त, छत गळलं तरी शिस्त. मी एकदा म्हटलं, "साहेब, बेअरिंगला ग्रीस लागतं." तर म्हणतो, "ग्रीसची मागणी कुठल्या तक्त्यात केलीत?"

कागदी हजेरीपटात तारखा आडव्या असतातच. एका पानावर एक महिना, डावीकडे नावं, वर एक ते एकतीस. तोवर ठीक होतं. मग संगणक आला, त्यात शीट आली, आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. याला साक्षात्कार झाला की महिन्याचं पान कशाला, अख्खं वर्ष आडवं लावू. पहिले तीन रकाने अनुक्रमांक, नाव, हुद्दा; आणि चौथ्या रकान्यापासून एक जानेवारी, दोन जानेवारी, तीन जानेवारी, सरळ उजवीकडे. त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या शीटला उजवीकडे दोनशे छप्पन्नच रकाने असत. त्यामुळे वर्ष मध्येच भिंतीला धडकायचं. म्हणून जुना हजेरी कारकून गुपचूप दोन शीट करायचा, सहा महिन्यांची एक, सहा महिन्यांची दुसरी. आडवे साहेबाला वाटायचं ती त्या कारकुनाची कामचुकार सवय. लाल पेनाने शेरा मारायचा, वर्ष का तोडले?

तो कारकून निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक पोरगी आली. चुणचुणीत, पण नोकरी नवी, त्यामुळे आवाज खाली. तिच्याबरोबर नवा संगणक आला, त्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. त्या नव्या शीटमध्ये सोळा हजारांवर रकाने. आडवे साहेबाला स्वर्ग दोन बोटं उरला. "या वर्षीपासून एक वर्ष, एक शीट." आणि वरिष्ठ कार्यालयाला पत्रही ठोकलं, की या केंद्राने सुधारणा केली आहे.

तो संगणक बसवायला आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, तुमच्याही संगणकात नवी आवृत्ती टाकून देतो. दहा मिनिटांचं काम."

"नको."

"मग तिची फाईल तुमच्याकडे उघडणार नाही."

"मी बारा वर्षं या आवृत्तीवर काम करतोय. नवी शिकायची ती नव्यांनी."

बारा वर्षांत हा काय शिकला होता, तर रकान्याची रुंदी वाढवणं, आणि रंग भरणं. पण मान मोठा. तंत्रज्ञाने खांदे उडवले आणि गेला.

आता ज्या बाईसाठी ही गोष्ट सांगायची तिच्याकडे येतो. आम्ही तिला नमुनेवाली म्हणायचो. रोज सकाळी काचेच्या बारा बाटल्या लाकडी पेटीत घालून ती ठरलेल्या बारा नळांवर जायची, पाण्याचे नमुने भरायची आणि प्रयोगशाळेत केमिस्टच्या ताब्यात द्यायची. शाळेचा नळ, दवाखान्याचा नळ, बाजाराचा नळ, अशा ठिकाणी पायी. साप्ताहिक सुट्टी सोडली तर ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. नऊ वर्षं रोजंदारीवर. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला. बाई बोलायला तिखट, पण पाणी भरताना नळाशी देवळात उभी असल्यासारखी गप्प.

रोजंदारीवरच्यांना कायम करायचा नियम साधा होता. एका वर्षात दोनशे ऐंशी दिवस हजेरी भरली की नाव पात्र यादीत जाणार, यादी पंधरा जानेवारीच्या आत वरिष्ठ कार्यालयात पोचणार. वयाची अट पंचेचाळीस. नमुनेवालीला त्या मार्चअखेर पंचेचाळीस पूर्ण होत होती. म्हणजे ही यादी हुकली की संपलं. पुढच्या वर्षी दिवस भरले तरी वय आडवं येणार. आधीच्या वर्षांत कधी नवऱ्याच्या इस्पितळात, कधी आईच्या दुखण्यात तिचे दिवस कमी पडले होते. या वर्षी तिने एकही खाडा केला नाही. अंगात ताप असताना पेटी घेऊन निघालेली मी पाहिली. म्हटलं, "ताई, आज बस." म्हणाली, "काका, बसायचं ते कायम झाल्यावर. मग बघा कशी बसते."

अकरा जानेवारीला सूचनाफलकावर यादी लागली. रोजंदारीवरचे अकरा जण, प्रत्येकापुढे दिवस, आणि खाली लफ्फेदार सही. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, पात्र कर्मचारी निरंक.

नमुनेवाली पंपघरात आली तेव्हा तिच्या हातात रिकामी पेटी होती. ती ठेवायलासुद्धा विसरली होती.

"काका, दोनशे सतरा लिहिलेत माझे."

"कसले दोनशे सतरा?"

"दिवस. वर्षात माझे दोनशे सतरा दिवस."

मी पंप सहायकाच्या हवाली केला आणि तिच्याबरोबर निघालो. हिशेब तोंडी होता. वर्षाचे तीनशे पासष्ट, त्यातून बावन्न सुट्ट्या वजा, उरले तीनशे तेरा. खाडा नाही, तर तीनशे तेरा. शहाण्णव दिवस कमी भरले होते. आमच्या गुरुजींकडे वजाबाकीत एक चुकला तरी छडी मिळायची. इथे शहाण्णव चुकले आणि खाली सही.

आता आडवे साहेबाची एक हौस सांगितली पाहिजे. वर्षाच्या हजेरीची शीट छापून, कागदाला कागद डिंकाने जोडून, तो व्हरांड्याच्या भिंतीवर लांबच लांब पट्टी लावायचा. त्याच्या केबिनच्या दारापासून सुरू, ती थेट मुतारीच्या दारापर्यंत. गेल्या वर्षी दोन शीटांच्या पट्ट्या कोपऱ्यात वळवाव्या लागल्या होत्या, आणि मुतारीचं दार उघडलं की डिसेंबर फाटायचा. या वर्षी पट्टी भिंतीत बरोबर मावली होती. तो दोन दिवस सगळ्यांना दाखवत होता. "बघा. शिस्त लावली की सगळं बसतं."

आम्ही दोघं पट्टीच्या कडेने चालू लागलो. तिच्या ओळीवर मी बोट ठेवलं. ह, ह, ह, ह, ह, ह, मग सुट्टीचा सु. केबिनपाशी जानेवारी. खिडकीशी मार्च. पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी जून. ऑगस्ट संपला तिथे बॅटरीच्या पेट्या. आणि मुतारीच्या दाराशी, जिथे वासाने कुणी थांबत नाही, तिथे कागद संपला.

तिथली तारीख होती दहा सप्टेंबर.

मी तिथे उभा राहून इतका हसलो की आतून कुणीतरी विचारलं, काय झालं. नमुनेवाली हसली नाही. तिचं सगळं त्या कागदाच्या काठावर लटकत होतं, ती कशाला हसेल. ती खालच्या ओळी बघत होती. "काका, कुणाचंच पुढे नाही. तुमचंपण दहाला संपलंय." मग वर पाहून म्हणाली, "साहेबांचंपण."

ते खरं होतं. चौसष्टच्या चौसष्ट माणसं अकरा सप्टेंबरपासून कामावर आलीच नव्हती. तरी शहराला पाणी जात होतं.

आम्ही केबिनमध्ये गेलो. आडवे साहेब हिरवं पेन कानात घालून बसला होता.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचं वर्ष दहा सप्टेंबरला संपतंय."

"तुम्ही पंप बघा."

"पंप चालू आहे. सप्टेंबर बंद पडलाय."

नमुनेवाली पुढे झाली. "साहेब, पुढचे शहाण्णव दिवस कुठे गेले माझे?"

"यादीत जे आहे ते आहे. यादी पाठवली आहे."

"पण साहेब, ऑक्टोबरमध्ये मी रोज तुमच्या समोरून जात होते."

"समोरून गेल्याने हजेरी लागत नाही, बाई. तक्त्यात असेल तर हजेरी." आणि मग त्याने ते वाक्य टाकलं ज्यासाठी मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं, एकही पात्र नाही म्हणजे या वर्षी रोजंदारीवाल्यांनी टंगळमंगळ केली. यंत्र खोटं बोलत नाही."

म्हणजे त्याने ओळीओळीतले ह मोजून बेरीज केली होती. अकराच्या अकरा माणसं नापास झालेली पाहिली होती. पण त्याला कुठे खटकलं नाही. उलट बरं वाटलं. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. गाढव निदान मान तरी हलवतं.

आम्ही तिथून थेट अधीक्षक बाईंकडे गेलो. त्या इंजिनिअर. कमी बोलणाऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज कधी चढत नसे. त्यामुळेच सगळे घाबरायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि आडवे साहेबाला आणि हजेरीच्या पोरीला बोलावलं.

"डिसेंबरपर्यंतची हजेरी भरली होती का?" त्यांनी पोरीला विचारलं.

"हो मॅडम. रोज. एकतीस डिसेंबरपर्यंत, शेवटच्या रकान्यात बेरीजसुद्धा होती."

"मग गेली कुठे?"

पोरगी आडवे साहेबाकडे बघायला लागली. तो छताकडे.

"सांग गं," मी म्हटलं. "तुला कुणी खाणार नाही. इथे सगळे पाणी पिणारे."

तिने सांगितलं ते असं. एक जानेवारीला साहेबांच्या जुन्या आवृत्तीत फाईल उघडेना. ते तिच्या खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, माझ्या आवृत्तीत साठव. तिने तशी आज्ञा दिली, तर पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं की जुन्या आवृत्तीत दोनशे छप्पन्न रकान्यांच्या पुढचं काही साठवलं जाणार नाही, तरी चालेल का? ती ते मोठ्याने वाचायला लागली.

"मग?"

"साहेब म्हणाले, या चौकटी शिकाऊ लोकांसाठी असतात. आणि स्वतःच हो दाबलं."

मला राहवेना. आमच्या गुरुजींचा एक दंडक होता, पाटी पुसायच्या आधी वाचायची. सहा वर्षांच्या पोराला कळणारी गोष्ट.

"मूळ फाईल असेल ना?" अधीक्षक बाई म्हणाल्या.

पोरीचा आवाज आणखी खाली गेला. "साहेब म्हणाले, दोन प्रती असल्या की घोळ होतो. जुनी काढून टाक. मी काढली. मग म्हणाले, संगणकातली कचरापेटीपण रिकामी कर, शिस्त पाहिजे."

"ती रिकामी केलीत?"

"त्यांनी उभं राहून करून घेतली."

अधीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हेडक्लार्क, तारखा आडव्या का लिहिता?"

"पद्धत आहे मॅडम. एका नजरेत वर्ष दिसतं."

पोरीला आता थोडा धीर आला होता. "मॅडम, जुन्या आवृत्तीतही आडवे रकाने दोनशे छप्पन्न आहेत, पण उभ्या ओळी पासष्ट हजार पाचशे छत्तीस आहेत. नावं वर आणि तारखा खाली लिहिल्या असत्या तर काहीच गेलं नसतं."

मी तोंडी भागाकार केला. दिवसाला एक ओळ धरली तर एकशे एकोणऐंशी वर्षं मावली असती. या माणसाच्या हट्टापायी त्यात एक वर्षही मावलं नव्हतं. मी हे बोलून दाखवलं. आडवे साहेब म्हणाला, "पंपवाल्याने यात पडू नये."

"बरं," अधीक्षक बाई म्हणाल्या, "तक्ता गेला. दुसरा पुरावा?"

नमुनेवालीने पदराआडून प्रयोगशाळेची नोंदवही काढली. जाड, पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली. येताना केमिस्टकडून मागून आणली होती. प्रत्येक पानावर तारीख, खाली बारा ओळी, बारा नळ, वेळ, शेवटी तिची सही आणि केमिस्टची सही. पानं मोजली. तीनशे तेरा.

आडवे साहेबाने ती वही दोन बोटांनी उचलली, उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी. "ही प्रयोगशाळेची वही आहे. पाण्याची. यात माणसाच्या हजेरीची नोंद नसते. नियमाप्रमाणे हजेरी म्हणजे हजेरीपट. ही अग्राह्य."

"तिच्याशिवाय बाटल्या चालत आल्या का?" मी विचारलं.

"तो प्रश्न माझ्या कक्षेत नाही."

नमुनेवालीचा चेहरा मी पाहिला. नऊ वर्षांत मी तिला नळाशिवाय कुणापुढे गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. आता झाली. कारण हा माणूस मूर्ख होता, पण त्याच्याकडे शिक्का होता, आणि पंधरा तारीख चार दिवसांवर होती.

अधीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. हजेरीपट हाच पुरावा. मग तुम्ही अकरा सप्टेंबरपासून कुठे होता?"

"मी?"

"तुमच्या ओळीतही दहा सप्टेंबरनंतर काही नाही. एकशे बारा दिवस. विनापरवानगी सलग नव्वद दिवस गैरहजर राहिलं की चौकशी लावावी लागते. तुम्हीच ते परिपत्रक फिरवलं होतंत."

"मॅडम, मी रोज होतो. सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहिल्याने हजेरी लागत नाही," नमुनेवाली हळूच म्हणाली. "तक्त्यात असेल तर."

तो लाल झाला. "मी पुरावा देतो."

आणि पुरावा शोधायला गेला. सबंध आयुष्यात एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने दिला नाही. त्याने कपाटं उघडली. पत्रं पाहिली, ती टंकलेखकाने लिहिलेली आणि अधीक्षक बाईंच्या सहीची. फाटकावरची वही मागवली. तिच्यात फक्त पाहुणे आणि ट्रक. भांडारात विचारलं, चार महिन्यांत त्याच्या सहीने एक टाचणी गेली नव्हती. मोठ्या आशेने माझी पंपाची नोंदवही चाळली. तिच्यात मी होतो, माझा सहायक होता, पंप नंबर तीन आठ ठिकाणी होता, हा नव्हता. गाळणीचे कामगार, क्लोरीनवाला, वायरमन, झाडूवाली, सगळ्यांची कुठे ना कुठे खूण निघत होती. वाळू धुतल्याची, तार बदलल्याची, फिनेल घेतल्याची. चार महिने हा माणूस रोज खुर्चीवर येऊन बसला आणि जगात कुठेही त्याचा ओरखडा उमटला नाही.

"या काळात काय काम केलंत?" अधीक्षक बाईंनी विचारलं.

"पुढच्या वर्षाच्या तक्त्याची आखणी."

"दाखवा."

दाखवली. बारा महिने, बारा रंग. कुठेही तारीख घातलेली नव्हती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढवच अडलं होतं, आणि धरायला कुणाचे पाय मिळेनात.

तेव्हा नमुनेवाली बोलली. "साहेब होते की रोज. माझ्याकडे आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वही उघडली. बारावा नळ आमच्या कार्यालयातलाच, आडवे साहेबाच्या केबिनमागच्या लहान खोलीत. त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली त्याच्या खिशात. कारण किल्ली असणं म्हणजे शिस्त. कुलपाआडच्या नळाचा नमुना घ्यायचा तर दार उघडून देणाऱ्याने नोंदवहीत सही करायची, असा प्रयोगशाळेचा नियम. नमुनेवाली रोज वही त्याच्यापुढे धरायची आणि हा वर न बघता निळ्या पेनाने सही ठोकायचा. कशावर करतोय हे त्याने कधी वाचलं नव्हतं. चौकट काय, वही काय, वाचायची सवयच नव्हती.

अकरा सप्टेंबर ते एकतीस डिसेंबर, शहाण्णव पानं, शहाण्णव लफ्फेदार सह्या. त्यांच्याच उजव्या बाजूला तिची सही.

आडवे साहेबाच्या जिवात जीव आला. "हे बघा मॅडम. मी म्हणत होतोच."

"म्हणजे ही वही ग्राह्य?"

तो घुटमळला. हिरवं पेन काढलं, परत ठेवलं.

"ग्राह्य... माझ्यापुरती."

मी पंपघरात ज्या शिव्या शिकलो होतो त्या सगळ्या एकदम आठवल्या. पण अधीक्षक बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि मी त्या गिळल्या.

"हेडक्लार्क," त्या म्हणाल्या, "एका पानावर तुमची आणि तिची, दोघांच्या सह्या आहेत. अर्धं पान ग्राह्य धरता येत नाही. दोन्ही धरा नाही तर दोन्ही सोडा. मला पाच वाजेपर्यंत सांगा."

पाच कशाला, पाच मिनिटंही लागली नाहीत. स्वतःवर आलं की हा माणूस फार वेगाने विचार करायचा. "दोन्ही," म्हणाला. इतक्या हळू, की अधीक्षक बाईंनी परत म्हणायला लावलं.

मग दुरुस्तीचं पत्र. पहिल्यांदा त्याने लिहिलं, संगणकाने काही रकाने गहाळ केले. हजेरीची पोरगी मागे उभी होती. ती म्हणाली, "संगणकाने विचारलं होतं, साहेब." त्याने खोडलं. मग लिहिलं, आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे. नमुनेवालीने विचारलं, "विसंगती म्हणजे कोण?" तेही खोडलं. शेवटी अधीक्षक बाईंनी सांगितलं तसं लिहिलं, की सूचना न वाचता मी होकार दिला आणि मूळ प्रत काढून टाकायला लावली. बावीस वर्षांच्या नोकरीतलं त्याच्या हातचं हे पहिलं खरं वाक्य. सही करताना लफ्फा जमलाच नाही.

तीन दिवस आम्ही सगळ्या नोंदवह्या मांडून बसलो. पोरगी वाचून दाखवायची आणि नव्या शीटमध्ये तारखा खाली खाली उभ्या भरायची. अकरांपैकी नऊ जण पात्र ठरले. नमुनेवालीच्या नावापुढे तीनशे तेरा. चौदा तारखेला मी स्वतः शिपायाबरोबर यादी घेऊन वरिष्ठ कार्यालयात गेलो आणि पोचपावती घेतल्याशिवाय हललो नाही. टपालावर माझा विश्वास होता, पण ते टपाल याच्या टेबलावरून जायचं होतं.

एप्रिलमध्ये तिचा हुकूम आला. आडवे साहेबाने तो दोन दिवस आवक क्रमांकासाठी दाबून ठेवला, तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं. तिसऱ्या दिवशी दिला. तिने तो दोनदा वाचला, घडी घालून पेटीच्या झाकणात ठेवला, आणि बाराव्या नळासाठी वही त्याच्यापुढे धरली. त्याने नेहमीप्रमाणे वर न बघता सही केली.

"वेळ पण टाका, साहेब," ती म्हणाली.

"वेळ कशाला?"

"रकाना आहे. मी आजवर माझ्या मनाने भरत होते. आता मी कायम आहे. नियमाने चालायला पाहिजे. दार उघडणाऱ्याने वेळ लिहायची."

त्याने घड्याळ पाहिलं. कार्यालय साडेनऊचं. वाजले होते सव्वाअकरा. ती पावणेदोन तास पेटी घेऊन त्याच्या दाराशी उभी होती, आणि अशी ती नऊ वर्षं उभी राहत आली होती, कारण बाराव्या नळाची किल्ली याच्या खिशात आणि हा घरी. त्याने पेन हातात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंप सोडून मुद्दाम आलो होतो, खोटं कशाला बोलू. दाराशी केमिस्ट होता, हजेरीची पोरगी होती.

"अकरा वाजून पंधरा," नमुनेवाली म्हणाली. "आकड्यात लिहिलं तरी चालेल."

त्याने लिहिलं. महिनाअखेर वही नेहमीसारखी अधीक्षक बाईंकडे तपासायला गेली. पुढच्या महिन्यापासून आडवे साहेब साडेनऊच्या ठोक्याला दारात, हातात किल्ली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दोन्ही वर्षं तो वेळेवर आला. येऊन काय केलं ते विचारू नका. नमुनेवालीचं काम मात्र रोज पावणेदोन तास आधी उरकू लागलं, आणि दुपारी ती प्रयोगशाळेच्या पायरीवर पाय पसरून बसायची.